नणंद माहेरी आलीय, आणि रविवारी बैठक ठरलीय

ताई, माझी नणंद चार महिन्यांपूर्वी नेसत्या कपड्यांनिशी सासरहून निघून आली. नवरा मारायचा हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण एका रात्री तिने मला एकटीला सांगितलं की तो जबरदस्तीही करायचा. तेव्हापासून ते मी पोटात ठेवून आहे. ती दिवा लावूनच झोपते. गल्लीत मोटारसायकल थांबली की हातातलं काम टाकून आत जाते. परवा मी मागून खांद्यावर हात ठेवला तर किंचाळलीच. काय झालं होतं विचारलं की दर वेळी थोडं वेगळं सांगते, त्यामुळे माझ्या यजमानांना वाटतं ती काहीतरी लपवतेय. एवढं सगळं होऊनही रात्री त्याच्याशी फोनवर बोलते, मी ऐकलंय. सासूबाईंचं म्हणणं, भांड्याला भांडं लागायचंच. रविवारी तिच्या सासरची माणसं आणि मामा बसून मिटवणार आहेत. मी यजमानांना सगळं सांगून टाकू का?
– एक वहिनी, सातारा जिल्हा

वहिनी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तिला विचारल्याशिवाय तिच्या सख्ख्या भावालाही सांगू नका. लग्न झाल्यापासून स्वतःच्या शरीरावर तिची मर्जी चालली नाही. निदान ही गोष्ट कोणाला कळावी, हे तरी तिला ठरवू द्या. दुपारी घरात कोणी नसताना एवढंच म्हणा, "तू मला सांगितलंस ते माझ्यापाशीच आहे. दादाला सांगायचं का, किती सांगायचं, तू सांगशील की मी, ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी चालेल." मग गप्प बसा. ती लगेच काही बोलणार नाही, बहुतेक उठून निघून जाईल. जाऊ द्या. फक्त ती जीव द्यायची भाषा करू लागली किंवा तो दारात येऊन धमकावू लागला, तर घरच्यांना सांगावंच लागेल. तेव्हाही आधी तिला सांगा, मग इतरांना.

आता यजमानांच्या संशयाचं. जिवाच्या भीतीने गोठलेल्या माणसाच्या डोक्यात प्रसंग ओळीने, तारीखवार साठत नाही. त्या वेळचा एखादा वास, दाराची कडी, गाडीचा आवाज लख्ख राहतो. ते दिवाळीच्या आधी झालं की नंतर, हे मात्र पुसट होतं. म्हणून आज एक तुकडा बाहेर येतो, महिन्याने दुसरा. यावरून ती खोटं बोलतेय असं ठरत नाही. "मग ओरडली का नाहीस?" हा प्रश्नही तुमच्या घरात कधीतरी निघेल, म्हणून सांगून ठेवते. अशा वेळी हातपाय आणि आवाज दोन्ही जागच्या जागी थिजतात, हे बलात्काराच्या घटनांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. न ओरडणं म्हणजे संमती नव्हे. आणि खरं सांगायचं तर तपशील तुम्हाला कोणालाच नकोत. वकिलाला, डॉक्टरला लागतील तेव्हा ती देईल. घरातल्या चौघांसमोर चार वेळा सांगायला लावणं म्हणजे तिला चार वेळा त्याच खोलीत ढकलणं.

मागून हात लावू नका. समोरून या, नाव घेऊन हाक मारा, जवळ बसायचं तर विचारून बसा. दिव्यावरून कोणी बोलत असेल तर त्याला गप्प करा, विजेचं बिल फार येणार नाही. तिच्या खोलीला आतून कडी आहे का बघा आणि ती लावली तर कारण विचारू नका. लहानसहान गोष्टींत तिला निवड द्या: भाजी कुठली करायची, दळण आज न्यायचं की उद्या, पाहुणे आले तर बाहेर यायचं की नाही. "तू आराम कर, आम्ही बघतो" हे मायेनेच म्हटलं जातं, मला कळतं. पण सगळं दुसऱ्यांनीच ठरवायचं, हे तिने सासरी पुरेसं अनुभवलंय.

फोनचा तुम्हाला राग आलाय, पत्रातून तो लपलेला नाही. मारणाऱ्या नवऱ्याला सोडून आलेल्या बाया एका फटक्यात मनाने सुटत नाहीत. तो रडतो, माफी मागतो, धमकावतोही, आणि कधीकधी त्याच्याशी बोलत राहणं हाच त्याला शांत ठेवण्याचा तिला ठाऊक असलेला उपाय असतो. फोन काढून घ्याल तर तोही हेच करायचा, एवढंच तिच्या लक्षात राहील. त्यापेक्षा विचारा, "धमकीचे मेसेज येतात का? मी माझ्याकडे जपून ठेवू?" फोनवरून तो तिचा ठावठिकाणा पाहू शकत नाही ना, तेही तिच्याबरोबर बसून तपासा. बाई घर सोडते तो काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून ही सावधगिरी.

कायद्याचं थोडं नीट वाचा, कारण इथे अर्धवट माहिती देणारे पुष्कळ भेटतात. पोलीस ठाण्यात कोणी म्हणेल, "नवऱ्याने केलं तर बलात्काराचा गुन्हा होत नाही." बायको 18 वर्षांवरची असेल तर आपल्या कायद्यात अजून तसंच आहे, आणि मला ते अजिबात पटत नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ हिंसाचार म्हणूनच मोजला जातो. त्यासाठी घटस्फोट लागत नाही, पोलीस केसही लागत नाही. महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी तिचा अहवाल तयार करतात, मॅजिस्ट्रेट संरक्षणाचा, राहण्याचा, खर्चाचा आदेश देऊ शकतात. अर्ज ती सध्या राहते तिथेच करता येतो, सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. नवऱ्याकडून होणाऱ्या क्रूरतेचं जुनं 498 अ आता 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत कलम 85 आहे. आणि त्याच संहितेचं कलम 67 लक्षात ठेवा: बायको वेगळी राहत असताना नवऱ्याने तिच्या संमतीविना संबंध ठेवले तर तो गुन्हा आहे, शिक्षा 2 ते 7 वर्षं. "मनधरणी करायला आलोय, तिच्याशी एकट्यात बोलू द्या" म्हणत तो आला, तर हे माहीत असलेलं बरं.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला तर जवळच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरची, म्हणजे छळ झालेल्या बायकांना एकाच जागी मदत देणाऱ्या सरकारी केंद्राची, माहिती मिळेल, तातडीची वेळ आली तर 112. मनाच्या आधारासाठी टेलिमानस आहे, 14416. तिथे तुम्हीही बोला, चार महिने हे एकटीने वाहताय. ती तुमच्यावरच जास्त चिडत असेल तर मनाला लावून घेऊ नका. जिथे मार बसणार नाही याची खात्री असते तिथेच राग निघतो. यातलं कुठलंही पाऊल उचलायचं की नाही, कधी उचलायचं, ते तिने ठरवायचं. तुम्ही माहिती द्या, सोबत जा, आणि दवाखान्यात गेलात तर तपासणी मध्येच थांबवता येते हे तिला आधीच सांगा.

राहता राहिला रविवार. ज्याने हात उचलला त्याच्यासमोर सतरंजीवर बसवून, चार वडीलधाऱ्यांच्या देखत "तुझंही काही चुकलं असेल" म्हणत जे होतं, त्यात तिच्यावर दबावाशिवाय काही येत नाही. आजच तिला विचारा, बैठकीला बसायचंय का. नको म्हणाली, किंवा नुसती गप्प राहिली, तरी बैठक पुढे ढकला. नक्की बसायचंय म्हणाली तर तो समोर नसावा, तुम्ही शेजारी असाव्यात आणि तिला वाटेल तेव्हा उठता यावं, हे आधी कबूल करून घ्या. सासूबाईंना समजवत बसायला आत्ता वेळ नाही. मामांना फोन तुमच्या यजमानांनी करावा, सुनेने केला तर ते तुम्हालाच चार गोष्टी ऐकवतील. "तिची तब्येत बरी नाही, ती म्हणेल तेव्हा बघू" एवढंच सांगायचं. कारण विचारलं तर हेच पुन्हा.