गुप्त अधिकारी, अंतराळातील चाचे आणि शृंगार : एका नवोदित लेखकास पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कादंबरीची प्रकरणे वाचली. वेश पालटून चाच्यांच्या यानावर दाखल झालेली अधिकारी आणि त्या टोळीचा म्होरक्या यांच्यात जुळत जाणारे प्रेम, ही कल्पना जोमदार आहे. शृंगार लिहिताना तुम्ही उगाच आडपडदा ठेवत नाही, हेही मला आवडले. माझी हरकत एकच आहे, पण ती कथेच्या मुळाशी जाते. त्या दोघांची पहिली रात्र तुम्ही नायिकेचे सोंग शाबूत असतानाच रंगवली आहे, आणि निवेदकाला त्यात काहीही खटकत नाही.

समोरची व्यक्ती खरोखर कोण आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा होकार कितपत खरा मानायचा? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ब्रिटनमध्ये आंदोलकांच्या गटांत खोट्या नावाने शिरलेल्या काही पोलीस अधिकाऱ्यांनी तिथल्या स्त्रियांशी दीर्घकाळ प्रेमसंबंध ठेवले होते, आणि ते उघडकीस आल्यावर 2015 मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी हे संबंध फसवणुकीचे होते असे मान्य करून त्या स्त्रियांची जाहीर माफी मागितली. नायक गुन्हेगार आहे, तेव्हा त्याची फसवणूक चालून जाईल, असा तुमचा हिशेब दिसतो. प्रेमकथेचा वाचक इतका उदार नसतो.

मी तुमच्या जागी असतो, तर म्होरक्याने तिला केव्हाच ओळखले आहे असे दाखवले असते. त्या रात्रीच्या आधी, यानाच्या अरुंद बोळात, तो तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो आणि बाजूला सरकून वाट मोकळी करून देतो. त्यानंतर ती थांबली, तर ते थांबणे तिचे असेल आणि जवळ येणे दोघांचे. सोंग तर त्यानेही घेतलेले आहे. 1967 च्या अंतराळ करारानुसार यान ज्या राष्ट्राच्या नोंदवहीत असते, त्या राष्ट्राचा अधिकार त्यावर आणि त्यातील माणसांवर चालतो. तुमच्या कथाकाळातही हे तत्त्व टिकले आहे असे धरले, तर चाच्यांची पहिली गरज खोट्या नोंदणीचीच असणार. म्हणून त्याने तिच्या कानात यानाचा खरा नोंदणी क्रमांक सांगावा. आपल्याला पकडण्याचा हक्क कोणाला आहे, हेच तो तिला सांगत असतो, आणि माझ्या मते तुमच्या दहा पानांच्या चुंबनवर्णनापेक्षा या कबुलीत अधिक शृंगार आहे.

नायिकेचा वरिष्ठ तिच्या कानात क्षणाक्षणाला सूचना देतो, हे मात्र काढून टाका. यान गुरूजवळ आहे. तिथून पृथ्वीपर्यंत संदेश जायला अर्ध्या तासाहून अधिक, कधी 50 मिनिटांहूनही अधिक वेळ लागतो, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढाच. विचारायला कोणी नाही, अडवायलाही कोणी नाही, अशा त्या तासाभराहून अधिक काळात तिला जो निर्णय एकटीने घ्यावा लागतो, तिथे तुमची कथा आहे. विप्रलंभाची, म्हणजे विरहातल्या शृंगाराची, सोय तर प्रकाशाच्या वेगानेच करून ठेवली आहे.

आता देहाविषयी. वजनरहित अवस्थेत हलकासा धक्काही दोघांना दूर लोटतो, म्हणून कोणीतरी भिंतीवरचा पट्टा धरून ठेवायला हवा. तो कोण धरतो आणि केव्हा सोडतो, एवढ्यावर एक प्रसंग उभा राहू शकतो. घाम ओघळत नाही, त्वचेवर पातळ थरासारखा साचतो. पंखे बंद पडले, तर उच्छ्वास चेहऱ्याभोवतीच रेंगाळतो, त्यामुळे तुमची ‘निःशब्द शांतता’ तिथे शक्य नाही. पंख्यांची घरघर सतत चालूच असणार. शरीरातील द्रव डोक्याकडे सरकल्याने अंतराळवीरांचे चेहरे सुजतात आणि नाक चोंदते. तिच्या केसांच्या सुगंधावर तुम्ही दोन परिच्छेद खर्च केले आहेत, ते वाचताना मला हसू आवरले नाही, याबद्दल राग नसावा.

पुढचा खर्डा पाठवाल तेव्हा सगळी कादंबरी नको. बोळातला प्रसंग आणि त्यानंतरची रात्र एवढेच पाठवा, आणि ती रात्र या वेळी म्होरक्याच्या बाजूने लिहून पाहा.

कळावे, लोभ असावा.