चामेडोरिया पाम खान्देशच्या उन्हात जगवायचा तर

भाऊ, आधी जागा ठरवा, रोप नंतर आणा. चामेडोरिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या जंगलातला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. जळगाव-भुसावळकडचं 44-45 अंशांचं ऊन त्याची पानं भाजून काढतं, आणि भाजलेलं पान परत हिरवं होत नाही. घराची पूर्व बाजू किंवा दाट कडुलिंबाखालची जागा बरी. पश्चिमेची भिंत नकोच, ती रात्रीपर्यंत तापलेली असते.

नुसती काळी माती भरू नका. पावसाळ्यात ती पाणी धरते, मुळं कुजतात. उन्हाळ्यात भेगाळते, बारीक मुळं तुटतात. 12 इंची कुंडीत दोन भाग पोयटा (गाळाची माती), एकेक भाग जाड वाळू, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पूर्ण कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड.

पाणी वार बघून नाही, बोट खुपसून द्या. वरची इंचभर माती कोरडी लागली की द्यायचं. पानांची टोकं तपकिरी आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसला, तर बोअरच्या पाण्यातले क्षार साचलेत. साठवलेलं पावसाचं पाणी तळातून भरपूर वाहून जाईल इतकं ओता.

एप्रिल-मेमध्ये पान उलटून बघत जा. मागे बारीक जाळी, वर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी ही बारीक कीड. मागच्या बाजूने पाण्याचा फवारा मारा. मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल, दोन थेंब साबण. तेही संध्याकाळीच, नाहीतर उन्हात पान करपतं.

उंची कमी करायला शेंडा कापू नका, ती काडी (खोड) परत वाढत नाही, तिथेच संपते.