राखीव कपाट लावताना

फोंड्याच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झालात, अभिनंदन! पहिल्या सेमिस्टरला एवढंच सांभाळा.

कॉलेजने विकत घेतलेली प्रत राखीव कपाटात (अभ्यासाला नेमलेली पुस्तकं घरी न देता तिथेच वाचायला ठेवतात, त्या कपाटात) ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. घोळ होतो तो झेरॉक्सचा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(आय) शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल माफ करतं. दिल्ली विद्यापीठाच्या कोर्सपॅक (वेगवेगळ्या पुस्तकांतल्या नेमलेल्या पानांच्या झेरॉक्सचा गठ्ठा) प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने २०१६ साली त्याचा अर्थ चांगला ऐसपैस लावला. पानांचा आकडा ठरवला नाही, कसोटी ठेवली शिकवण्याच्या गरजेची. म्हणून सरांकडून विषय, सेमिस्टर आणि नेमकी पानं लेखी घ्या. ‘सगळंच पुस्तक काढून ठेवा’ म्हणाले, तर गोड बोलून टाळा.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- ‘पुस्तकाच्या तीन झेरॉक्स प्रती चालतात.’ हो, पण भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्याच. पणजीच्या दुकानात नाही म्हणजे भारतात नाही, असं नव्हे!
- ‘जुनं आहे, चालतंय.’ लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. बाकीबाब बोरकर १९८४ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कवितांवर २०४४ अखेरपर्यंत हक्क आहे.

पीडीएफ आणि ई-जर्नलांचे करार सध्या बाजूला ठेवा, ते पुढच्या सेमिस्टरला बघू.