संकल्प बावन्नचा, वाचन मार्चपर्यंतचं

वर्षभराच्या वाचनसंकल्पाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : सलग दोन वर्षं 'आठवड्याला एक, वर्षाला बावन्न पुस्तकं' असा संकल्प केला. दोन्ही वेळा मार्चमध्ये बारगळला. आकडा ठरवायचा कसा? (वाचक, जळगाव)

उत्तर : बावन्न हा आकडा कॅलेंडरवरून आला आहे, तुमच्या वेगावरून नाही. आधी वेग मोजा. घरातली तीन वेगळ्या जातीची पुस्तकं घ्या : एक कादंबरी, एक वैचारिक, एक आत्मचरित्र. घड्याळ लावून प्रत्येकी दहा मिनिटं नेहमीसारखं वाचा आणि पानं मोजा. कादंबरीची सात, आत्मचरित्राची पाच, वैचारिकची तीन अशी उत्तरं आली, तर मधलं धरा. म्हणजे दोन मिनिटांना एक पान.

आता दिवस. वर्षाचे 365 धरू नका, 300 धरा. मुलांच्या परीक्षा, मे महिन्यातली लग्नं, गणपती, दिवाळीची साफसफाई, एखादं आजारपण यात 65 दिवस जातातच. रोज अर्धा तास म्हणजे 15 पानं, तीनशे दिवसांची 4500 पानं. सरासरी सव्वादोनशे पानांचं पुस्तक धरलं तर वीस पुस्तकं होतात. वहीत मात्र सोळाच लिहा. उरलेली चार जाडजूड पुस्तकाला किंवा अर्धवट सोडलेल्यांना लागतात.

याच हिशेबाने बावन्न तपासा. दोनशे पानांची बावन्न म्हणजे 10,400 पानं, तीनशे दिवसांत रोज जवळजवळ 35, म्हणजे सत्तर मिनिटं. रोज सत्तर मिनिटं मिळत असतील तर बावन्न जरूर करा. पण तेवढा वेळ मिळणारा माणूस सहसा असं पत्र लिहीत नाही.

मार्चमध्येच का बारगळतं, तेही सांगतो. जानेवारीत उत्साहाने बारीक पुस्तकं आधी उचलली जातात आणि आकडा पुढे पळतो. फेब्रुवारीत कोणीतरी सुचवलेली सहाशे पानी कादंबरी हातात येते. तीन आठवडे वहीत एकही नवी नोंद नसते आणि माणूस मागे पडल्याच्या भावनेनेच पुस्तक मिटतो. खरं तर त्या तीन आठवड्यांत वाचन जानेवारीपेक्षा जास्त झालेलं असतं. म्हणून वहीत पुस्तकांऐवजी पानं लिहा. पुस्तकांची बेरीज वर्षाअखेरीस करा.

थकबाकीचा एक नियम ठेवा. तीन दिवसांपर्यंतची भरून काढायची, त्यापुढची माफ. पंधरा दिवस बुडाले म्हणून रविवारी सव्वादोनशे पानं वाचायला बसलात, तर त्यातली शेवटची शंभर लक्षात राहणार नाहीत. फारच वाईट दिवशी पाच पानं पुरेत.

प्रश्न : निवृत्त झालो आहे. या वर्षी ज्ञानेश्वरी अर्थासह पूर्ण करायची आहे. अध्याय अठरा, महिने बारा, म्हणून महिन्याला दीड अध्याय असं वेळापत्रक केलं आहे. बरोबर आहे का? (वाचक, सातारा)

उत्तर : वेळापत्रक सुटसुटीत आहे, पण डिसेंबरात अंगावर येईल. ज्ञानेश्वरीचे अध्याय सारख्या लांबीचे नाहीत. पाचव्या अध्यायात 180 ओव्या, चौथ्यात 225; तेराव्यात 1170 आणि अठराव्यात 1810. तुमच्या पद्धतीने मार्चमध्ये चौथा आणि अर्धा पाचवा येतो, म्हणजे रोज दहा ओव्या. डिसेंबरात अर्धा सतरावा आणि सगळा अठरावा, म्हणजे रोज पासष्ट. नववा अध्याय संपला की अर्धा ग्रंथ झाला असं वाटतं. प्रत्यक्षात तिसरा हिस्साही झालेला नसतो. मध्य येतो तो तेराव्या अध्यायाच्या पोटात.

तेव्हा अध्याय विसरा, ओव्या धरा. एकूण नऊ हजारांच्या थोड्या वर (प्रतीप्रतींत किरकोळ फरक आहे). रोज 30 ओव्या घेतल्या तर तीनशे दिवसांत ग्रंथ होतो आणि पासष्ट दिवस हाताशी उरतात. सार्थ प्रतीतून, आधी ओवी मग अर्थ अशा रीतीने, तीस ओव्यांना अर्धा ते पाऊण तास लागतो. या गतीने पाचवा अध्याय सहा दिवसांत होईल, तेरावा एकोणचाळीस दिवस घेईल आणि अठराव्याला पुरे दोन महिने लागतील. हे आधीच माहीत असलं की तेराव्यात 'आपलं काही चुकतंय का' असं वाटत नाही. बरेच जण सुटतात ते तिथेच.

पहिल्या दिवशी पहिला अध्याय उघडायचं बंधन नाही. बारावा 247 ओव्यांचा आहे. आठ-नऊ दिवस त्यावर घालवा आणि गती जमते का पाहा. जमली तर पहिल्यापासून सुरुवात करा. बारावा पुन्हा येईल तेव्हा सोपा जाईल.

शब्द अडतील. प्रत्येक शब्दाला थांबलात तर तीस ओव्यांना दीड तास लागेल. पुन्हा पुन्हा येणारे शब्द मात्र प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा : आथि (आहे), नातरी (किंवा), म्हणौनि (म्हणून), अवधारिजो (ऐकावे). 'पैं' हा बहुतेक ठिकाणी नुसता पादपूरक (चरण भरण्यापुरता) आहे, त्याचा अर्थ शोधत बसू नका. असे चाळीसेक शब्द ओळखीचे झाले की अर्थाकडे नजर कमी वळते. ओवी मोठ्याने वाचा. यमक पहिल्या तीन चरणांच्या शेवटी आहे आणि चौथा आखूड. डोळ्यांना ते दिसत नाही, कानाला लगेच कळतं.

असंच आखीव काही हवं असेल तर पुढच्या वर्षासाठी दासबोध सोयीचा आहे. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण दोनशे. आठवड्याला चार समास घेतले तर पन्नास आठवड्यांत होतो. समासांची लांबीही बरीचशी आटोक्यातली आहे.

प्रश्न : आमच्या भिशीच्या गटाने 'दर दशकातलं एक मराठी पुस्तक' असं ठरवलं आहे, 1930 पासून आजपर्यंत. दोन अडचणी : जुनी पुस्तकं मिळत नाहीत, आणि पुस्तक कोणत्या दशकात धरायचं यावरून वाद होतात. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : वाद आधी मिटवू. पहिल्या आवृत्तीचं वर्ष धरायचं, हातातल्या प्रतीचं नाही. श्रेयनामावलीच्या पानावर 'पहिली आवृत्ती', 'पुनर्मुद्रण' अशा ओळी असतात. सर्वांत वरची किंवा सर्वांत जुनी पाहा. जुन्या प्रतीवर फक्त शके असेल तर त्यात 78 मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं प्रकाशन असेल तर 79. शके 1857 म्हणजे 1935-36.

खरी पंचाईत लेखन आणि प्रकाशन यांत अंतर असलेल्या पुस्तकांची. विष्णुभट गोडसे यांचं प्रवासवर्णन इसवी सन 1857 च्या धामधुमीबद्दल आहे आणि छापलं गेलं 1907 मध्ये. तुमच्या यादीच्या आधीचं आहे, पण असाच प्रसंग आला तर प्रकाशनाचं वर्ष धरा आणि वहीत शेजारी लेखनकाळ लिहा. मुळात असा वाद झाला म्हणजे गट चांगला चालला आहे.

आता मिळण्याचा प्रश्न. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन 1 जानेवारी 2011 पासून मुक्त झालं. त्यामुळे तीस-चाळीसच्या दशकांतल्या बऱ्याच लेखकांचं साहित्य मराठी विकिस्रोतावर किंवा स्कॅन केलेल्या प्रतींत सापडतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही मंडळाची अनेक प्रकाशनं मोफत आहेत. अवघड जातात साठ ते ऐंशीची दशकं. ती हक्कात आहेत आणि आवृत्त्या संपलेल्या आहेत. तिथे जुनं वाचनालयच उपयोगी. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासूनचं आहे आणि तुमच्यापासून लोकलने फार लांब नाही.

दर दशकासाठी एकच नाव ठरवू नका, तीन ठरवा. वाचनालयात एक बाहेर गेलेलं असेल, एकाची बांधणी सुटली म्हणून दुरुस्तीला असेल, तिसरं मिळेल. ग्रंथपालांकडे दहा दशकांची यादी जानेवारीतच देऊन ठेवा; प्रत परत आली की बाजूला ठेवतात, पण यादी त्यांच्या टेबलावर असेल तर.

प्रश्न : आवडत नसलेलं पुस्तक किती वाचून सोडावं? सोडलं तर संकल्पात मोजावं का? (वाचक, सांगली)

उत्तर : सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम बऱ्याच ठिकाणी वापरतात. पन्नास पानं वाचा, नाही आवडलं तर सोडा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा. बासष्ट वर्षांच्या माणसाला अडतीस पानं पुरेत. मराठी पुस्तकासाठी एक दुरुस्ती : प्रस्तावना या पानांत धरू नका. चाळीस पानी प्रस्तावना वाचून सोडलेलं पुस्तक हे न वाचलेलंच पुस्तक आहे. आणि कादंबरीची प्रस्तावना तशीही शेवटी वाचावी, तीत गोष्ट फोडलेली असते. पानांच्या हिशेबात सोडलेली पानंही मोजा. डोळ्यांखालून गेली आहेत.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, आम्ही न्यू जर्सीला असतो. मराठी शाळेत जाते, बोलते छान, पण वाचताना अडखळते आणि कंटाळते. तिच्यासाठी वर्षाचं आव्हान कसं आखावं? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तिची भाषा नऊ वर्षांची आहे आणि वाचन सहा वर्षांचं, कंटाळा या फरकाचा आहे. तिला वाचता येणारी पुस्तकं बाळबोध वाटतात, आवडणारी वाचवत नाहीत. म्हणून दोन वेगळी खाती ठेवा.

पहिलं ऐकण्याचं. झोपताना तुम्ही वाचायचं, तिच्या समजेच्या पातळीचं. 'श्यामची आई' इथे सोयीचं, कारण पुस्तक 42 रात्रींमध्येच विभागलेलं आहे. सहा आठवडे रोज एक रात्र. कोकणातलं घर, सोवळंओवळं, सावकारी हे सगळं तिला नवं असेल, म्हणून पाच मिनिटं प्रश्नांसाठी राखा. शेवटच्या रात्री जड आहेत, त्या घाईने एका बैठकीत उरकू नका.

दुसरं खातं तिच्या स्वतःच्या वाचनाचं, रोज फक्त दहा मिनिटं, मोठ्या टायपात. एक परिच्छेद तुम्ही, एक ओळ तिने. महिन्याभराने दोन ओळी. अडखळते ती अक्षरं नीट पाहा. बहुतेकदा तो 'र' असतो. तो चार रूपांत येतो : 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'चक्र'मध्ये तिरकी रेघ होऊन, 'राष्ट्र'मध्ये ट च्या पायाखाली आणि 'दऱ्या'मध्ये य च्या आधी. 'सूर्य'मधला र लिहिताना शेवटी आणि वाचताना आधी येतो, इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला हे उलटंच वाटतं. दर आठवड्याला एकच रूप घ्या आणि गोष्टीच्या पानावर त्याचे शब्द पेन्सिलीने गोल करायला लावा. मग 'द्य' आणि 'ध्य' : 'विद्या'ला 'विध्या' म्हणणारी मुलं पुण्यातही भरपूर आहेत.

पुस्तकागणिक तारा किंवा खाऊ असं बक्षीस लावू नका. मुलं हुशार असतात, सगळ्यांत पातळ पुस्तकं शोधून आणतात. द्यायचंच तर दहा मिनिटांच्या वीस बैठकांना द्या.

प्रश्न : दिवाळी अंक आणि ऐकलेली पुस्तकं मोजायची का? (दोन वाचक, नाशिक आणि पणजी)

उत्तर : दिवाळी अंक जरूर मोजा, पण जाहिराती आणि राशिभविष्य वजा करून. अडीचशे पानी अंकात प्रत्यक्ष मजकूर किती, ते एकदा मोजून पाहा. अनेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते आणि अंक दोन-तीन दिवसांत परत द्यावे लागतात. म्हणून दिवाळीनंतरच्या महिन्यात दुसरं पुस्तक लावूच नका. सगळा अंक वाचायचा हट्टही नको. अनुक्रमणिकेतले पाच लेख पेन्सिलीने टिपा आणि तेवढेच वाचा.

ऐकलेल्याचा रकाना वेगळा ठेवा, पानांऐवजी तासांचा. आठ तासांचं पुस्तक सव्वापट वेगाने ऐकलं तर सहा तास चोवीस मिनिटं लागतात. कथा-कादंबरी या वेगात निभावते. कविता मूळ वेगात ऐका, आणि भाजी चिरताना नको.

प्रश्न : वाचनाच्या वहीत नेमकं काय लिहायचं? मी परीक्षण लिहायला बसते आणि वहीच बंद पडते. (वाचक, अकोला)

उत्तर : परीक्षण लिहू नका. एका पुस्तकाला एक ओळ, सहा रकाने : सुरू, संपलं, पानं, कुठून मिळालं, कोणी सुचवलं, आणि एक वाक्य. उदाहरणार्थ : '4 जून / 19 जून / 212 / वाचनालय / वहिनी / विहीर खणायचं प्रकरण पुन्हा वाचायचं, पान 88.' वाक्य मताचं नसलं तरी चालेल, पण पान क्रमांक हवा; सहा महिन्यांनी 'छान आहे' यावरून काहीच आठवत नाही. 'कोणी सुचवलं' हा रकाना टाळू नका. वर्षाअखेरीस तोच पाहून कळतं की पुढच्या वर्षी यादी कोणाकडे मागायची आणि कोणाची शिफारस हसून विसरायची.