पाकीट बंद, पत्ता उघडा

मागच्या अंकात ऑनलाइन बोलण्यावरच्या सरकारी पाळतीबद्दल लिहिलं, आणि त्यावर इतके प्रश्न आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्यच नाही. सारखे वाटले ते एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापली नाहीत, विषयच तसा आहे.

प्रश्न : व्हॉट्सॲप स्वतःच सांगतं की मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, कंपनीलाही वाचता येत नाहीत. मग सरकार बघतं म्हणजे नेमकं काय बघतं? कुणाला वाचताच येत नसेल तर एवढी ओरड कशासाठी?

एन्क्रिप्शन खरं आहे, त्याबद्दल शंका नको. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं ते सगळ्यांसाठी पूर्णपणे चालू केलं, मागे प्रोटोकॉल, म्हणजे कुलूप लावायची पद्धत, सिग्नल ह्या दुसऱ्या मेसेजिंग ॲपचा आहे आणि तो चांगला आहे. मेसेज तुमच्या फोनमध्ये बंद होतो तो थेट समोरच्याच्या फोनमध्येच उघडतो. पण कुलूप असतं ते आतल्या मजकुराला. कुणी कुणाला पाठवला, किती वाजता, दिवसातून किती वेळा, साधारण कुठून, हे सगळं पाकिटावरच्या पत्त्यासारखं बाहेरच राहतं कारण ते कळल्याशिवाय मधली कंपनी मेसेज पोचवणार कसा. ह्यालाच मेटाडेटा म्हणतात. आणि खरं सांगायचं तर पाळत ठेवणाऱ्याला बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. मी बरीच वर्षं एका कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळायचो. एका रात्री मेल अडकत होते म्हणून लॉग वाचत बसलो होतो. लॉगमध्ये मजकूर नसतो, एका ओळीत फक्त पाठवणारा, घेणारा, वेळ आणि साइज, बस. त्यात आमच्याच टीममधल्या एकाचा पत्ता सारखा दिसायला लागला, आधी दोन-तीन आठवडे एका हॉस्पिटलला मेल, मग विमा कंपनीला, मग एका नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीला, आणि ते सगळे रात्री एक-दीडच्या पुढचे. मी एकही मेल उघडला नव्हता तरी मला कळलं होतं की घरात कुणीतरी आजारी आहे, पैशांची ओढाताण आहे आणि हा माणूस नोकरी सोडणार. दीड महिन्यानं त्यानं राजीनामा दिला तेव्हा सगळ्यांना धक्का बसला, मी मात्र त्याच्याकडे नीट बघूही शकलो नाही. त्यानं मला काहीच सांगितलं नव्हतं ना.

आता हेच देशाच्या पातळीवर विचार करून बघा. जर्मनीत माल्टे श्पिट्झ नावाच्या ग्रीन पक्षाच्या नेत्यानं स्वतःच्याच मोबाइल कंपनीकडून, डॉइचे टेलिकॉमकडून, आपला साठवलेला डेटा मागितला, त्यासाठी कोर्टात जावं लागलं. हाती आलं ते सहा महिन्यांचं रेकॉर्ड, ३५,८३० ओळी. २०११ मध्ये एका जर्मन वृत्तपत्राच्या वेबसाइटनं त्याचा हलता नकाशा केला. हा माणूस कुठल्या ट्रेनमध्ये होता, कुठल्या शहरात झोपला, कधी कुणाशी बोलत होता हे मिनिटामिनिटाला दिसतं, आणि त्यात त्याच्या बोलण्यातला एक शब्दही नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८०० हून जास्त लोकांच्या संमतीनं फक्त कॉल आणि मेसेजच्या नोंदी तपासल्या, २०१६ मध्ये ते छापून आलं. एकाचं हृदयरोगतज्ज्ञांशी, लॅबशी, औषधाच्या दुकानाशी आणि हृदयाचे ठोके मोजणाऱ्या उपकरणाच्या हेल्पलाइनशी फोनवर बोलणं झालं होतं, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की ठोके अनियमित असण्याचा आजार आहे आणि ते खरं निघालं.

अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए ह्या दोन्ही गुप्तचर संस्थांचे प्रमुख राहिलेले मायकल हेडन २०१४ मध्ये एका जाहीर चर्चेत म्हणाले होते की आम्ही मेटाडेटाच्या आधारावर माणसं मारतो. त्यामुळे कुणी "फक्त मेटाडेटाच आहे हो" म्हणालं की मला ते "फक्त" पटत नाही.

प्रश्न : माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. सरकारनं बघितलं तर बघू दे, मला काय फरक पडतो?

हा प्रश्न सर्वात जास्त जणांनी विचारला आणि मी त्यांना दोष देत नाही, रोजच्या धावपळीत असंच वाटतं. पण सरकार म्हणजे शेवटी स्क्रीनसमोर बसलेली माणसं. एनएसएच्याच महानिरीक्षकांनी २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटर ग्रासली यांना लेखी कळवलं होतं की २००३ पासून जाणूनबुजून गैरवापर केल्याची १२ प्रकरणं सिद्ध झालीत. त्यातल्या एकानं सिस्टिमचा ॲक्सेस मिळाल्याच्या पहिल्याच दिवशी आपल्या जुन्या गर्लफ्रेंडचे सहा ईमेल पत्ते शोधून बघितले. पहिल्याच दिवशी! तिच्याकडे तरी लपवण्यासारखं काय होतं?

दुसरं असं की तुमचा फोन फक्त तुमचा नसतो, त्यात तुमच्याशी बोलणारे सगळे असतात. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटायचा विचार करणारी मैत्रीण तुम्हाला मेसेज करते, कुणी पत्रकाराला आतली बातमी देतो, कुणी वकिलाला फोन करतो, त्यांच्या वतीनं "बघू दे" म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला? आणि कुणीतरी बघतंय हे नुसतं कळलं तरी माणूस बदलतो. जून २०१३ मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं दिलेली गुप्त कागदपत्रं छापून आली, प्रिझम वगैरे पाळतीचे कार्यक्रम जगाला कळले, त्यानंतर विकिपीडियावर दहशतवादाशी संबंधित लेख वाचणाऱ्यांची संख्या बरीच घटल्याचं एका अभ्यासात दिसलं. साधे ज्ञानकोशातले लेख हो, पूर्णपणे कायदेशीर वाचन. लोकांनी घाबरून वाचणंच सोडलं. मला ह्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ह्यात कुणाला अटक झाली नाही, कुणी तक्रार केली नाही आणि तरी काहीतरी गेलं.

प्रश्न : व्हीपीएन घेतलं की प्रश्न मिटला ना?

नाही. व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरमधून वळवणारी सेवा. त्यामुळे तुमची इंटरनेट कंपनी जे बघत होती ते आता व्हीपीएनवाली कंपनी बघते, मुख्य बदल एवढाच. सार्वजनिक वायफायवर उपयोग आहे. फुकटातलं मात्र अजिबात घेऊ नका.

प्रश्न : पण दहशतवादी, मुलांचं शोषण करणारे, ह्यांना पकडायचं कसं? फक्त पोलिसांकडे एक किल्ली असू दिली तर काय बिघडलं? तुमच्यासारखी माणसं गुन्हेगारांचीच सोय बघतात असं मला वाटतं.

तुमचा राग मला समजतो. पोलिसांनी तपास करावा, संशयिताचा फोन जप्त करावा, कोर्टासमोर कारण मांडून वॉरंट आणावं, ह्याला माझा काडीचाही विरोध नाही. माझा विरोध आहे तो सगळ्यांचंच सगळं आधी गोळा करून ठेवायचं आणि मग त्यात शोधायचं ह्याला. अमेरिकेनं कित्येक वर्षं देशातल्या फोन कॉलच्या नोंदी सरसकट गोळा केल्या. तिथल्याच सरकारी देखरेख मंडळानं जानेवारी २०१४ च्या अहवालात लिहिलं की दहशतवादाच्या तपासात ह्या कार्यक्रमामुळे ठोस फरक पडला असं एकही प्रकरण आम्हाला सापडलं नाही. २०१५ मध्ये कायदा करून ती सरसकट साठवण थांबवावी लागली.

आता किल्लीचं. फक्त पोलिसांसाठी असं दार बांधता येत नाही, हे मत नाही, घडलेलं आहे. ग्रीसमध्ये मोबाइल एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी सोय होती, ती कुणीतरी गुपचूप चालू केली आणि २००४-०५ मध्ये कित्येक महिने शंभराच्या आसपास लोकांचे फोन ऐकले. त्यात खुद्द पंतप्रधानांचा फोन होता! अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं टेलिफोन कंपन्यांना टॅपिंगची सोय ठेवणं सक्तीचं केलं, आणि २०२४ मध्ये उघड झालं की सॉल्ट टायफून नावानं ओळखले जाणारे, चीनशी जोडले गेलेले हॅकर कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये घुसले आणि त्याच टॅपिंगच्या यंत्रणांपर्यंतही पोचले. मग त्याच सरकारचे अधिकारी लोकांना सांगायला लागले की एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरा. तीस वर्षं ज्या कुलपाबद्दल तक्रार केली तेच कामी आलं.

आणि तपास करताना मर्यादा पाळता येते, हे कोर्टांनी दाखवलंय. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे कार्पेंटर खटला होता, पोलिसांनी वॉरंट न घेता एका आरोपीच्या मोबाइलची १२७ दिवसांची १२,८९८ ठिकाणं मिळवली होती, म्हणजे दिवसाला शंभराच्या वर. कोर्ट म्हणालं, वॉरंट हवं. त्याआधी २०१४ मध्ये युरोपियन युनियनच्या सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांचे कॉल रेकॉर्ड साठवायची सक्ती करणारा निर्देशच रद्द केला, आणि २०१७ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ह्यातलं कुणी गुन्हेगारांच्या बाजूचं नव्हतं. दरोडेखोर पकडायचा म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घराची किल्ली चौकीत जमा करा असं कुणी सांगितलं तर तुम्ही द्याल का, एवढंच मला विचारायचंय.

प्रश्न : हे सगळं वाचून घाबरायला होतं. मी तांत्रिक माणूस नाही. आज रात्री बसून काय करू शकते ते साध्या भाषेत सांगा ना.

घाबरू नका, पंधरा मिनिटांचं काम आहे. पहिलं म्हणजे बॅकअप. मेसेज जाताना कुलूपबंद असतो पण तुमचा बॅकअप गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जात असेल तर तो आपोआप तसा कुलूपबंद नसतो, आणि कंपनीला आदेश आला की तिथून मिळू शकतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप असा पर्याय आहे तो चालू करा, पासवर्ड कागदावर लिहून जपून ठेवा, विसरलात तर कंपनीही परत देऊ शकत नाही. मग लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा, तुमचा नसलेला किंवा न आठवणारा एखादा कॉम्प्युटर तिथे दिसला तर लगेच लॉगआउट करा. फोन अपडेट ठेवा, हे कंटाळवाणं वाटतं पण २०१९ मध्ये पेगासस हे स्पायवेअर, म्हणजे फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, व्हॉट्सॲपच्या नुसत्या कॉलमधून साधारण १,४०० फोनपर्यंत पोचवलं गेलं होतं, फोन उचलायचीही गरज नव्हती, आणि ते भोक अपडेटनंच बुजवलं. फोनच ताब्यात गेला तर एन्क्रिप्शन काही करू शकत नाही, कारण चोर पाकीट उघडत नाही, तुम्ही वाचत असताना खांद्यावरून बघतो. लोकेशन मागणारी ॲप्स एकेक तपासा, टॉर्चच्या ॲपला तुम्ही कुठे आहात हे कळायची काय गरज?

आणि ज्यांच्याशी अगदी नाजूक बोलणं होतं त्यांच्यासोबत सिग्नल वापरून बघा. मजकूर व्हॉट्सॲप आणि सिग्नल दोन्हीकडे बंदच असतो, फरक आहे पाकिटावरच्या पत्त्याचा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, सिग्नलकडे खात्यांची माहिती मागितली, नाव, पत्ता, कुणाशी बोलले, सगळं. सिग्नलला द्यायला दोनच गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकीचं त्यांनी कधी साठवलंच नव्हतं.