50 वर्षं झाली की बंदूक क्युरिओ होते का?

प्रश्न : गिरगावच्या घरी माळ्यावर आजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक सापडली. अमेरिकेतला भाचा म्हणतो 50 वर्षं झाली की क्युरिओ, म्हणजे संग्रहात ठेवायची जुनी वस्तू, मग लायसन कशाला?

उत्तर : अहो, तो नियम तिकडचा, आणि तिथेही बंदूक मूळ रूपातच हवी किंवा म्युझियमच्या क्युरेटरचा दाखला वगैरे लागतो, 1898 किंवा त्याआधीची ती अँटिक, तो वेगळा प्रकार. आपला 1959चा शस्त्र कायदा नुसतं वय बघत नाही, जुन्या घाटणीची असो की पुरातन मोलाची, दुरुस्त करूनही उडणार नाही अशी असेल तरच सूट. हे घरी बसून ठरवू नका, पोलीस स्टेशनला कळवा. आणि प्लीज चाप ओढून बघू नका, नळीत जुना बार तसाच असू शकतो! गंजही घासू नका, कारागिराचा शिक्का पुसला जाईल.