ठिपक्याकडे बघून पुराची भीती जाईल का?

प्रश्न : मी चिपळूणची, वय ४६. २२ जुलै २०२१ च्या पुरात आम्ही दिवसभर माळ्यावर अडकलो होतो. खाली सिलिंडर तरंगत भिंतीवर आपटत होता. अजूनही पावसाचा जोर वाढला की तोच आवाज ऐकू येतो, छाती धडधडते, रात्री उठून सामान वर चढवायला लागते. भाच्याने मोबाइलवर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या ठिपक्याचा व्हिडिओ दाखवला. त्याकडे बघत पूर आठवायचा म्हणे. घरी करून बघू का?

उत्तर : ताई, एकट्याने नका करू. उपचार खरा आहे, पण व्हिडिओत त्यातला एक तुकडाच आहे. याला ईएमडीआर म्हणतात. अमेरिकेच्या फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये त्याची सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये आघातानंतरच्या अशा त्रासासाठी तो सुचवला.

याचे आठ टप्पे असतात आणि नजर फिरवणं येतं थेट चौथ्या टप्प्यात. आधी थेरपिस्ट तुमची हकिगत समजून घेतात आणि घाबरल्यावर पुन्हा शांत कसं व्हायचं ते शिकवतात. माझ्या मते सगळी भिस्त याच तयारीवर आहे. मग तो सिलिंडर, त्या क्षणी मनात उठलेलं वाक्य, उदाहरणार्थ ‘आता आपण वाचत नाही’, आणि शरीरात ते कुठे जाणवतं, हे पकडायचं. त्रास शून्य ते दहात किती, तेही विचारतात. त्यानंतर त्यांच्या बोटांमागे नजर न्यायची, थोड्या वेळाने थांबून मनात काय आलं ते सांगायचं, पुन्हा सुरू. हे संमोहन नव्हे. तुम्ही पूर्ण जाग्या असता, हात वर केलात की थांबतात. सगळं सविस्तर सांगण्याची सक्तीही नसते. घरातलं बाहेर बोलायला आपल्याकडे किती जड जातं ते मी रोज बघते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

डोळ्यांच्या हालचालीचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पूर तुम्ही विसरणार नाही, पण आठवणीची धार कमी होऊ शकते. घरी मात्र एका आठवणीमागून दुसरी वर आली, तर सावरायला कोण?

रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात चौकशी करा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. थेरपिस्टना ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे घेतलं ते नि:संकोच विचारा. आणि शक्यतो मृग लागायच्या आत सुरुवात करा.